सोन्यासाठी वसलेली, सोनं संपताच उठलेली गावं : तुमचे अनुभव लिहा

गेल्या डिसेंबरात आई-बाबा इकडे अमेरिकेत आले होते, तेव्हा त्यांना ॲरिझोनातल्या गोल्डफील्डला नेलं. सुपरस्टिशन डोंगरांच्या पायथ्याशी 1892 साली इथे सोनं लागलं. पाच-सहा वर्षांत खडकातली सोन्याची शीर हरवली आणि गाव उठलं. आज दिसतं ते बहुतेक 1980 नंतर नव्याने उभारलेलं : फळ्यांचे पदपथ, छोटी रुळगाडी, खाण दाखवणारा वाटाड्या.

आई रमली ती सोनं धुण्याच्या पन्हाळीपाशी. थाळीत वाळू-पाणी घेऊन गोल हलवायचं. हलकी वाळू वाहून जाते, जड कण तळाशी बसतात. ती एकदम म्हणाली, "अरे, हे तर आपले झारेकरी!" लहानपणी कोल्हापुरात गुजरीतल्या सराफी दुकानांपुढची धूळ झाडून नेणाऱ्या, गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढणाऱ्या बायका तिने रोज पाहिलेल्या. मग तिने थाळी अशी काही फिरवली की शिकवणारा माणूसही बघत राहिला.

तुम्ही पाहिलेल्या अशा गावांबद्दल लिहा. त्यातलं जुनं किती, नवं किती, तेही सांगा.

*

आम्ही मोहावी वाळवंटातलं कॅलिको पाहिलं. ते चांदीचं, 1881 चं. वॉल्टर नॉट या उद्योजकांनी 1951 मध्ये विकत घेऊन पुन्हा बांधलं. मुलं खूश झाली, मला दुकानंच फार वाटली. पण स्मशानभूमीतल्या, नुसते दगड रचलेल्या थडग्यांपाशी आम्ही सगळेच गप्प झालो.

*

बोडीला जाच! कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला, आठ हजार फुटांहून उंच, झाड म्हणून नाही, नुसती खुरटी झुडपं. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता. ज्याच्या नावावरून गाव, त्या बोडीला 1859 मध्ये इथे सोनं सापडलं, आणि तो त्याच हिवाळ्यात हिमवादळात गेला. त्याने ना गाव पाहिलं, ना पैसा. 1880 च्या सुमारास इथे हजारोंची वस्ती होती.

1962 पासून हे राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. नवं काही बांधायचं नाही, पडू मात्र द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. छप्पर गळलं तर शाकारतात, भिंत कलली तर टेकू देतात. आतली धूळ तशीच. काचेला नाक लावून पाहिलं : शाळेतली बाकं, दुकानाच्या फळीवरचे डबे, एका घरात जेवणाचं टेबल. घर आवरायला कुणाला वेळच मिळाला नसावा. मला तिथून पाय काढवेना.

इथली वस्तू नेली की वाईट होतं अशी समजूत आहे. लोक नेलेले खिळे, काचा माफीच्या पत्रासह परत पाठवतात. तशी पत्रं संग्रहालयात वाचायला मिळतात. माझ्या मुलाने गंजलेला खिळा खिशात टाकला होता. शाप मी मानत नाही, तरी जिथून उचलला तिथेच त्याला ठेवायला लावला. पुढच्या माणसालाही तो दिसायला हवा ना?

*

नेवाडातलं ऱ्हायोलाइट, डेथ व्हॅलीच्या तोंडाशी. 1904 मध्ये जवळच सोनं लागलं, 1905 मध्ये गाव वसलं, 1908 पर्यंत तीन मजली बँक उभी राहिली. 1911 मध्ये मोठी खाण बंद, 1916 मध्ये वीजही तोडली. बँकेच्या नुसत्या भिंती उरल्यात. खिडकीच्या चौकटीतून आभाळ दिसतं.

शाबूत आहे ते बाटल्यांचं घर. लाकूड दुर्मीळ, रिकाम्या बाटल्यांचे ढीग. टॉम केली या माणसाने हजारो बाटल्या चिखलात रचून 1906 मध्ये घर बांधलं. 1925 मध्ये एका चित्रपट कंपनीने ते दुरुस्त करून घेतलं. संध्याकाळी उन्हं कलली की बाटल्यांचे बूड चमकतात. पाणी सोबत न्या, तिथे काही मिळत नाही.

*

सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं. बाटल्यांचं घर पुन्हा वाचायला लावलं तिने. पुढच्या खेपेला तिकडेच जायचं म्हणते. गुडघ्यांमुळे फार चालवत नाही तिला, तर गाडी घरापर्यंत जाते का, तेवढं कळवाल का?