मुख्याध्यापकपदाची तयारी नेमकी कशी करावी?

प्रश्न: सेवाज्येष्ठतेमुळे जूनपासून मुख्याध्यापकपदाचा कार्यभार माझ्याकडे येत आहे. वीस वर्षे गणित शिकवले. परंतु पोषण आहाराची नोंदवही, यू-डायसची (शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद) माहिती आणि सहकाऱ्यांचे पाठनिरीक्षण यांचे प्रशिक्षण कधीच मिळाले नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मुख्याध्यापकांनीही वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक विकास प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. दिल्लीच्या ‘नीपा’मधील (राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था) राष्ट्रीय शालेय नेतृत्व केंद्राचे ऑनलाइन अभ्यासक्रम पाहावेत.

उत्तर २: तास भरतात, प्रमाणपत्रही मिळते, पण पाठ पाहून झाल्यावर शिक्षिकेला न दुखावता काय सांगावे, हे मला एका निवृत्त मुख्याध्यापकांनी वर्गात मागच्या बाकावर शेजारी बसवून शिकवले. नोंदवही लिपिक समजावतील (आमच्याकडे ते पदही रिक्तच आहे).

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमचे माजी मुख्याध्यापक गावातच राहतात. उद्याच त्यांना भेटतो.