आमोसमधला न्याय नेमका कोणावर?

प्रश्न (भायखळा): मंडळीत (चर्चमध्ये) सध्या बायबलमधलं आमोस संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय. दिमिष्क, गज्जा, सोर या इस्राएलच्या शेजारच्या नगरांवरचा देवाचा न्याय ऐकताना सगळे माना डोलावतात. मग देशावर संकट आलं की देवाची शिक्षाच समजायची का?

उत्तर (कुर्ला): नाही हो. पुरात संसार वाहून गेलेल्याला असं सांगणं क्रूर आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ जण मेले, ते इतरांपेक्षा पापी नव्हते असं येशूच म्हणाला (बायबल, लूक, अध्याय १३).

उत्तर (दादर): ताई, दुसरा अध्याय पुरा वाचा. न्यायाची यादी यहूदा, इस्राएल या देवाच्या स्वतःच्या लोकांपर्यंत येते. तिथे वहाणांच्या जोडासाठी गरीब विकले जात होते! आठव्यात तर खोटी तराजू. मी मंडईत भाजी विकते. ते वाचल्यापासून पिशवी ठेवण्याआधी काट्यावरचं शून्य गिऱ्हाइकाला दाखवते.

प्रश्नकर्ती: रविवारी दुसरा अध्याय मीच वाचायला घेते.