पुस्तक लिहिणाऱ्याने ब्लॉग लिहावा का?

खडूपेटी: माझं मत सरळ आहे, लिहावाच. अँडी वीअर हा अमेरिकन प्रोग्रॅमर 'द मार्शन' ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने स्वतःच्या साइटवर फुकट टाकत होता. वाचकांत विज्ञानाचे जाणकार होते, ते चुका दाखवायचे, हा दुरुस्त करायचा. मग किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांत, द्या म्हणून वाचकच मागे लागले, त्याने ९९ सेंट किंमत लावली. २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशकाने छापली, २०१५ मध्ये सिनेमा आला. आपल्याकडे आवृत्ती गोडाऊनमध्ये पडून राहते आणि वाचक कुठे कंटाळला हे लेखकाला कधी कळतच नाही.

आडवळण: त्याच्या गोष्टीत आकडेमोड होती, म्हणून चुका काढता आल्या. कवितेत कोण काय दुरुस्त करणार? 'वा, सुंदर' आणि दोन फुलं. शिवाय बहुतेक दिवाळी अंकांना आणि स्पर्धांना अप्रकाशित साहित्य लागतं. ब्लॉगवर टाकलं की ती कथा बाद.

सदाफुली: क्रमशः लिहिणं आपल्याला नवं आहे का? हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातूनच हप्त्याहप्त्याने आली. अंकाची तारीख डोक्यावर असली की हात चालतो. नाहीतर आपले अर्धे लेखक 'कादंबरी चालू आहे' म्हणतच निवृत्त होतात.

आडवळण: हरिभाऊ स्वतःच संपादक होते, ते सोडा. इंग्रज कादंबरीकार डिकन्सचं बघा. 'डेव्हिड कॉपरफील्ड' हप्त्यांनी येत असताना मिस मौचर या पात्रात एका बाईंनी स्वतःला ओळखलं आणि तक्रार केली. पुढच्या हप्त्यांत ते पात्र चक्क भलं झालं. वाचक इतका जवळ आला की लेखक त्याला सांभाळून घेऊ लागतो.

तिखटमीठ: मला चोरीची जास्त भीती. चांगला लेख संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरतो, खाली नाव नाही. फारच जमला असेल तर पुलंच्या नावावर!

खडूपेटी: @तिखटमीठ, ब्लॉगवर तारखेसह असतो, म्हणून निदान दाखवता तरी येतं. (प्रत मात्र आपल्याकडे ठेवा. ऑर्कुट हे समाजमाध्यम २०१४ मध्ये बंद झालं तेव्हा किती लिखाण बुडालं!) आणि @आडवळण, अख्खी कादंबरी टाका असं कुठे म्हणतोय? ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याकडे बखरी, पत्रं, किल्ल्यांवरच्या नोंदी यांचा ढीग असतो, त्यातलं पुस्तकात जेमतेम मावतं. उरलेलं लिहा. दिवाळी अंकाची कथा कोरीच राहील, आणि पुस्तक येईल तेव्हा तुमचं नाव ओळखणारे चार लोक असतील.

आडवळण: हे थोडं पटतं. पण नोकरी करून लिहिणाऱ्याला मिळतो एक रविवार. तो ब्लॉगला दिला, तर कादंबरी कधी लिहायची?

सदाफुली: महिन्यातून एकच रविवार द्या की. उरलेले तीन कादंबरीला द्या, म्हणजे बघू किती पानं होतात ते.