बेसॉल्ट आहे म्हणून बोअर कमी करू नका

नवी मुंबईच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात बांधकामाच्या पायासाठी जमीन तपासताना 'खाली सगळा बेसॉल्टच, दोन बोअर (तपासणीची भोकं) पुरेत' असं म्हटलं जातं. हे मत निम्मंच पटतं. बेसॉल्ट आहेच, पण पारसिक डोंगराच्या पायथ्याशी उथळ लागणारा कातळ खाडीकडे मऊ चिखलाखाली खोल जातो. प्लॉटच्या दोन टोकांनाही फरक पडतो.

खरी फसगत मुरमात होते. मुरूम म्हणजे कुजलेला बेसॉल्ट; त्यात न कुजलेले गोल धोंडे शिल्लक राहतात. एसपीटी (नळी जमिनीत ठोकून घट्टपणा मोजायची चाचणी) अशा धोंड्यावर 50 ठोक्यांत अडली की ड्रिलर 'रॉक' लिहून मोकळा! म्हणून कातळ लागल्यावर किमान 5 मीटर कोअर (कातळाचा दंडगोल नमुना) काढायलाच लावा, तोही डबल ट्यूब बॅरलने (नमुना धरायला आत वेगळी नळी असलेल्या). सिंगल ट्यूबमध्ये मऊ भाग पाण्याने धुऊन जातो, आणि पायाला धोका नेमका त्याचाच असतो: दोन लाव्हाथरांमधला तांबडा रेड बोल (मातकट मऊ थर) किंवा टफ ब्रेचिया (ज्वालामुखीची राख आणि दगडाचे तुकडे मिळून झालेला खडक). ब्रेचिया कोअर ठेवायच्या पेटीत सुकला की तडकतो, त्यामुळे आरक्यूडी (कातळ किती अखंड आहे ते सांगणारा आकडा: 10 सेंमी व त्याहून लांब तुकड्यांची बेरीज भागिले रनची, म्हणजे एका खेपेत कोरलेली, लांबी) कोअर बाहेर आल्याबरोबर मोजा. नंतर मोजलेला आकडा कातळाचा नसतो, पेटीतल्या तडकलेल्या तुकड्यांचा असतो. पाइलचं सॉकेट (पायाच्या खांबाचा कातळात रुतवलेला भाग) ब्रेचियात असेल तर भोक साफ करून त्याच दिवशी काँक्रीट ओता. रात्रभर पाण्यात राहिलं तर भिंती मऊ पडतात.