मदत हवी आहे: गूगल फोटोजमधले फोटो तारखांसकट फोनमध्ये कसे आणायचे?

नमस्कार मंडळी,

आईचे गेल्या काही वर्षांतले सगळे फोटो गूगल फोटोजवर आहेत. १५ जीबीची मोफत जागा भरत आली आहे, आणि तीच जागा जीमेल व ड्राइव्हलाही लागते, त्यामुळे उद्या मेल येणंच थांबेल. शिवाय गावी नेट धड नसतं. नातवंडांचे फोटो तिला हवे तेव्हा बघता यायला हवेत. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये जागा भरपूर आहे, म्हणून सगळे फोटो तिथेच आणायचे आहेत.

एकेक फोटो डाउनलोड करणं शक्य नाही, म्हणून गूगल टेकआउट (गूगलवरचा आपला सगळा डेटा एकदम डाउनलोड करायची सोय) वापरायचं ठरवलंय. त्यातून झिप फायली मिळतात, पण तारखेसारखी बरीचशी माहिती वेगळ्या जेसन (JSON, साध्या मजकुराच्या) फायलींत येते. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंची तारीख फोटोतच असते, त्यांची काळजी नाही. खरी अडचण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंची, त्यांच्यात तारीख नसते. मग गॅलरीत २०१७ चं बारसं आजच्या तारखेखाली दिसणार! जेसनमधली तारीख फोटोत भरायला एक्झिफटूल (फोटोतली तारीख वगैरे माहिती बदलणारं सॉफ्टवेअर) कुणी वापरलंय का? नेमकी कमांड दिलीत तर फार उपकार होतील.

दुसरं, बॅकअप चालू असताना गूगल फोटोजच्या अ‍ॅपमधून फोटो डिलीट केला तर फोनमधलाही जातो. मग आधी बॅकअप बंद करून गूगल फोटोजवरचे फोटो ब्राउझरमधून डिलीट केले तर फोनमधले नक्की राहतात ना? स्वतः करून पाहिलेल्यांनी कृपया क्रम सांगा. तोवर गूगल फोटोजवरचं काहीही डिलीट करणार नाही.