अनुभव धागा : माउस बिघडल्यावर तुम्ही काय केलेत?

परवा शेजारच्या दुकानदारांनी दोन माउस भंगारात देण्यासाठी बाजूला काढले होते. एकाचे चाक अडत होते, दुसरा एका क्लिकला दोन क्लिक धरत होता, आणि दोन्ही दुरुस्त होण्याजोगे होते. ते पाहून तालुक्याच्या गावी मी संगणक शिकवत असे, त्या काळातले बॉलचे माउस आठवले. तळाची गोल चकती फिरवली की रबराचा मुलामा असलेला जड बॉल तळहातावर येई आणि आत दोन बारीक रूळ दिसत; त्यांच्या मध्यावर धूळ आणि हाताच्या घामाचा काळा पट्टा चिकटलेला असे. एक रूळ आडवी हालचाल मोजतो व दुसरा उभी, त्यामुळे बाण नुसताच आडवा सरकत असेल तर मळ कोणत्या रुळावर आहे, हे उघडण्याआधीच सांगता येई. (डग्लस एंगलबार्ट यांच्या गटाने १९६० च्या दशकात बनवलेल्या लाकडी नमुन्याखालीही काटकोनात बसवलेली दोन चाके होती.) नखाने तो पट्टा खरवडला की माउस पूर्ववत चाले.

आता बॉल गेला, पण दोष नेमका कुठे आहे हे न पाहताच माउस टाकून द्यायची सवय वाढली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपले अनुभव अवश्य लिहावेत.

सागरकिनारा
दोन क्लिकचा त्रास आमच्याकडे रत्नागिरीत फार. बटणाखाली तीन पायांचा एक छोटा स्विच असतो आणि त्याच्या आत तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पट्टी असते. ती झिजली किंवा दमट हवेने तिच्यावर थर चढला की एकदा दाबूनही जोडणी दोनदा होते. आमच्या ओळखीच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी दुसऱ्या जुन्या माउसचा उजवा स्विच काढून डावीकडे डाख लावून बसवून दिला, कारण उजवे बटण त्या मानाने कमी वापरले जाते. तोपर्यंत मी सेटिंगमध्ये डावे-उजवे बटण अदलाबदल करून काम भागवले.

चाफा
सागरकिनारा, आमच्या घरीही तक्रार डबल क्लिकचीच होती, पण उलटी, आणि कारण अगदी वेगळे निघाले. आईच्या हाताला कंप आहे. तिच्या दोन क्लिकांमध्ये अंतर पडे किंवा मध्येच माउस हले, त्यामुळे फाइल उघडत नसे आणि ती बिचारी माउसला दोष देई. डबल क्लिकचा वेग अगदी कमी केला, बाणाचा आकार मोठा केला, तेव्हा तिची तक्रार थांबली. फारच दुखते त्या दिवशी ती डावे ऑल्ट, डावे शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबून अंकांच्या कळांनी बाण हलवते. पाचने क्लिक होते.

सागरकिनारा
चाफाताई, ही कळांची सोय मला ठाऊकच नव्हती. वडिलांना आजच दाखवतो. आईंना नमस्कार सांगा.

हिशेबवही
घाईत लिहीत आहे, मार्च अखेर आहे. आमच्या कार्यालयातला वायरलेस माउस फक्त बॅकअप घेताना अडखळत असे. सेल बदलले, माउस बदलला, फरक शून्य. रिसीव्हर (माउसचे संकेत पकडणारा, संगणकाला लावायचा छोटा तुकडा) निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये होता आणि त्याला लागूनच हार्ड डिस्क जोडलेली होती. यूएसबी ३.० वरून माहिती वाहत असताना २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओ लहरींचा गोंगाट निर्माण होतो आणि असे बहुतेक माउस त्याच पट्ट्यात बोलतात. चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपणच काढले होते. रिसीव्हर लहान एक्स्टेन्शन वायरने टेबलावर आणला आणि अडखळणे संपले.

पायवाट
काचेच्या टेबलावर बाण उड्या मारतो, त्यात माउसचा दोष नसतो. खालचा सेन्सर पृष्ठभागाची चित्रे एकामागून एक टिपतो आणि त्यांतील फरकावरून हालचाल ओळखतो; स्वच्छ काचेत त्याला धरून ठेवण्यासारखे काहीच दिसत नाही. साधा कागद ठेवून पाहा. सेन्सरच्या खाचेत अडकलेला केसही हाच त्रास देतो, आणि आमच्याकडे मांजर असल्याने ही तपासणी नेहमीचीच आहे.

चाफा
आमच्याकडेही बोका आहे! त्याचे केस चाकाच्या आसाला गुंडाळले जातात आणि पान खाली सरकवताना मध्येच वर उडी घेते. उघडायचे तर स्क्रू बहुधा तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली दडलेले असतात. त्या हलक्या हाताने सोडवाव्यात, म्हणजे पुन्हा चिकटवता येतात.

नवा सदस्य
माझा वायरचा माउस मध्येच बंद पडतो आणि लगेच सुरूही होतो. काय पाहावे?

धागाकर्ता
प्रथम तो दुसऱ्या संगणकावर लावून पाहा. तिथे नीट चालला, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंट या भागात, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची जी परवानगी दिलेली असते, ती काढून टाका. तिथेही बंद पडला, तर वायर माउसमध्ये शिरते त्या ठिकाणी ती दोन बोटांत धरून हळूहळू वाकवा आणि तळाचा दिवा विझतो का ते पाहा. विझला तर आतली तार तुटली आहे. तेवढा भाग कापून रंगाला रंग जुळवत चारही तारा पुन्हा जोडता येतात.

नवा सदस्य
दिवा विझतो आहे. संध्याकाळी डाखणी घेऊन बसतो आणि इथे कळवतो.