ओसीडी कुठे संपतो आणि हट्ट कुठे सुरू होतो?

नाशिकची_आई:
मुलगा ९ वर्षांचा. डॉक्टरांनी ओसीडी सांगितलाय, म्हणजे मनात नको ते विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा. सकाळी दप्तराची चेन चार वेळा उघडबंद, मध्येच कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवतायत. घाई केली की डबा भिरकावतो, परवा तर माझ्या हाताला चावला. पण मोबाइल काढून घेतला तरी अस्साच आकांत! सासूबाई म्हणतात, "दोन रट्टे द्या, मंत्रचळ उतरेल." हल्ली मीच चेन चारदा लावून देते, सकाळ तरी निभते. ईआरपी सुचवलीय, म्हणजे भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं पण ती कृती करायची नाही अशी थेरपी, पण हा समोर बसेल तर ना. आधी राग की आधी ओसीडी?

हडपसरचा_बाबा:
आमची लेक ११ ची, हात धुण्याचा प्रकार. थेरपिस्टने पहिला दीड महिना ईआरपीला हातच लावला नाही. आम्हा दोघांनाच बोलावलं आणि वही घालायला लावली: भडक्याच्या आधी काय झालं, तिने काय केलं, आपण काय केलं. साबणावरून झालेलं भांडण वेगळं, टीव्हीवरून झालेलं वेगळं. टीव्हीचा नियम ठरला की ठरला, वाद नाही. साबणासाठी मात्र शिक्षा कधीच नाही. मग भीतीची शिडी, म्हणजे सोप्यापासून अवघडापर्यंत भीतीची यादी, तीही तिनेच लिहिलेली. पहिली पायरी: चप्पल हाताने उचलायची आणि दोन मिनिटं हात धुवायचे नाहीत. बक्षीस प्रयत्नाला, घाबरली तरी.

समुपदेशक_ठाणे:
तुम्ही चेन लावून देता ना, त्याने त्या क्षणी सुटका होते, पण ओसीडीला खतपाणी मिळतं. एकदम बंद करू नका. त्याला आधी सांगून, थेरपिस्टशी ठरवून, एकेक कमी करा. औषधाबद्दलही डॉक्टरांना विचारा. २००४ च्या एका अमेरिकन अभ्यासात ७ ते १७ वयाची ११२ मुलं होती. सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची थेरपी, ईआरपी त्यातलीच) आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही दिलेल्यांपैकी ५३.६ टक्के मुलांची लक्षणं जवळजवळ गेली, नुसत्या सीबीटीवर ३९.३, नुसत्या गोळीवर २१.४. आणि चावण्यावर रट्टे नकोत. लांब व्हा, शांत झाल्यावर बोला.

नाशिकची_आई:
वही घातली. चार दिवसांत सहा भडके, त्यातले चार मोबाइलचे! मी सगळंच ओसीडीच्या खात्यावर मांडत होते. थेरपिस्टशी फोनवर ठरवून, काल रात्री त्याला सांगून, आज चेन तीनदाच लावली. रडला, पाय आपटले, पण गेला रिक्षात. डबा मात्र ओट्यावरच राहिला.